एका मीटरवर दोन गाड्या

पोस्टमन आला तेव्हा अंगणात कांदा निवडायचं काम चाललं होतं. दोरीच्या अलीकडे आमचा ढीग, पलीकडे थोरल्या मामंजींचा. दोरी खरी कपडे वाळत घालायची, पण आठ वर्षांत तिच्यावर कुणी साधा रुमाल टाकलेला नाही. ती हद्द आहे. घर एक, छप्पर एक, अंगण एक, विजेचा मीटरही एकच. दारं मात्र दोन आणि चुली दोन. माझे सासरे धाकटे. ते आणि त्यांचे थोरले भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे तोंडाकडे बघून बोलत नाहीत. तसे दिवसभर बोलतात, पण हवेशी.

"काही लोक सडका कांदा मधोमध घालून पोतं शिवतात," मामंजी हातातल्या कांद्याला म्हणाले.

"काही लोकांना दुसऱ्याच्या पोत्यात डोकवायला फार सवड असते," पलीकडून थोरले मामंजी त्यांच्या कांद्याला म्हणाले.

हे सकाळपासून असंच. मी आणि मोठ्या आई, म्हणजे थोरल्यांची बायको, दोरीच्या दोन बाजूंना खाली मान घालून हसू दाबत होतो. त्यात मी दर दहा मिनिटांनी उठून ओट्यावर निजलेल्या लेकीच्या छातीला कान लावून येत होते. दीड वर्षाची आहे. कोरडा वारा सुटला, कांद्याची टरफलं उडायला लागली की तिच्या छातीत शिट्टी वाजते. शिट्टी बारीक असेल तोवर वाफेवर भागतं. ती जाड झाली आणि श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, की दवाखाना. दवाखाना बारा मैलांवर. एसटीची एकच बस, सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. आजार काही वेळापत्रक बघून येत नाही.

"दोन पाकिटं आहेत," पोस्टमन सायकल टेकवत म्हणाला. "दोन्ही वाहन नोंदणीच्या ऑफिसातली. दोन्हींवर पत्ता एकच. आता कुणाचं कुठलं ते तुम्हीच बघा बुवा, मी त्या दोरीत पडत नाही."

दोन्ही म्हातारे एकदम उठले. आमच्या मामंजींनी पाकीट घेऊन ते पाठीमागे लपवलं. थोरल्यांनी त्यांचं सदऱ्याच्या आत सरकवलं. मी बघतच राहिले. आमच्या पाकिटाचं गुपित मला ठाऊक होतं. पण पलीकडे कुठून आलं?

आमचं असं होतं. बाजाराच्या दिवशी एका गाडीवाल्याने मंडप टाकून विजेवर चालणाऱ्या मोटारी मांडल्या होत्या. सरकारने जाहीर केलं होतं, विजेची मोटार घेतली तर नोंदणीचा कर पूर्ण माफ आणि पुढची पाच वर्षं रस्त्याचा करही माफ. महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत अर्ज मंजूर व्हायला हवा. माफ होणारी रक्कम एका चांगल्या दुभत्या गाईएवढी होती. ती माफी मिळाली तर गाडी आमच्या आवाक्यात, नाही तर मंडपात बसून फोटो काढण्यापुरती. मामंजींना मी पंधरा दिवस गोडीगुलाबीने पटवलं, तेव्हा कुठे त्यांनी पेन उचलून सही केली. गुपचूप. कारण पलीकडे कळलं तर नजर लागेल.

"वाच बाई," मामंजी म्हणाले. सरकारी कागद आला की त्यांचा चष्मा हरवतो.

मी वाचायला लागले. तेवढ्यात दोरीपलीकडून मोठ्या आईही बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. माझ्यामागून एकेक शब्द येत होता.

"सदर वीजजोडणीवर दोन अर्ज..."

"...जोडणीवर दोन अर्ज..."

"...एका घरगुती जोडणीस एकाच वाहनाची करमाफी देय असल्याने..."

"...एकाच वाहनाची..." मोठ्या आई थांबल्या. मीही थांबले. कागद शब्दन् शब्द सारखा होता.

पुढचं मी एका दमात वाचलं. दोन्ही अर्ज थांबवले आहेत. पंधरा दिवसांत एकाने माघार घ्यावी किंवा दोघांनी मिळून एकच अर्ज करावा. नाही तर दोन्ही रद्द.

मग मामंजी आभाळाकडे तोंड करून ओरडले, "बघितलंस सूनबाई? मी गाडी घेतोय म्हटल्यावर लगेच पोटात दुखलं लोकांच्या!"

"माझ्या अर्जाची तारीख बघा म्हणावं," थोरले गरजले. "माझा आधीचा आहे. नक्कल कुणी केली ते दिसेल."

"मला गाडीचा रंगसुद्धा माहीत नाही हो," मोठ्या आई मला दोरीवरून हळूच म्हणाल्या. "या माणसाने मला सुईएवढंही सांगितलं नाही."

दोघे बोलत असते तर एकाच्या अर्जाचं दुसऱ्याला कळलं असतं. पण बोलत असते तर दोरी कशाला असती? आठ वर्षांपूर्वी दोघांचा भागीत एक ट्रॅक्टर होता. मामंजी अपेंडिक्ससाठी दवाखान्यात आडवे असताना थोरल्यांनी तो विकून टाकला. म्हणे चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, थांबत नव्हतं. मामंजी टाके घालून घरी आले आणि बघतात तर गोठ्याशेजारी नुसते तेलाचे डाग. त्या दिवशी त्यांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून सांगितलं, यापुढे या माणसाबरोबर भागीत चाक म्हणून घेणार नाही, सायकलचंसुद्धा. तेव्हापासून हे असं.

पुढचे दिवस दोघे हट्टाला पेटले. वेगळा मीटर घ्यावा म्हणून मामंजी वीज कार्यालयात जाऊन आले. तिथे सांगितलं, आधी घराची वाटणी कागदावर आणा, मग अर्ज, मग तपासणी. चार-पाच महिने सहज जातील. माझ्या नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. हातातली मोटार खाली न ठेवता म्हणाले, "कुणाला बोलू? इकडे बाप, तिकडे बापाचा बाप असल्यासारखा. जळलेली कॉइल मी बदलून देईन, यांचं डोकं कसं बदलू?"

मी सरकारी माहितीपत्रक काढून पुन्हा पुन्हा वाचायची. सगळी सोळा कलमं, बारीक टायपातल्या टिपांसकट. कॉलेजात परीक्षेच्या आधी इतकं वाचलं असतं तर वर्गात पहिली आले असते. अकराव्या कलमाशी दर वेळी थांबायची आणि पत्रक घडी घालून ठेवायची. बोलायचा धीर होत नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी लेकीची शिट्टी जाड झाली. बस गेलेली. कांद्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो वेशीवर उभा होता, त्याच्या हातापाया पडून निघालो. पोती मागे, आम्ही पुढे, आणि पायाखालच्या फटीतून काळा धूर सरळ आत. मी लेकीचं तोंड पदराने झाकलं तर तिला श्वास पुरेना, पदर काढला तर धूर. बारा मैलांत मी किती वेळा पदर झाकला आणि काढला त्याला गणती नाही. डॉक्टरीणबाईंनी लगेच औषधाची वाफ दिली, तासाभराने पोर हसायला लागली. पण त्या म्हणाल्या, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मला हिला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं असतं. थंडी तोंडावर आहे. काही तरी सोय करा." सोय होती, पण ती दोरीवर लोंबकळत होती.

घरी आल्यावर मी माहितीपत्रकावरच्या नंबरावर फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सोमवारी दोघांनाही घेऊन या. समोरासमोर निकाल लावू." मी इकडे सांगितलं, "मामंजी, ऑफिसने बोलावलंय, तुम्ही नाही गेलात तर अर्ज थोरल्यांचा होईल." पलीकडे जाऊन मोठ्या आईंना सांगितलं, "थोरले मामंजी नाही आले तर अर्ज धाकट्यांचा होईल." दोन्ही खरंच होतं म्हणा.

सोमवारी एकाच बसने गेलो. मामंजी ड्रायव्हरच्या पाठीशी, थोरले शेवटच्या बाकावर, आणि मी लेकीला घेऊन मधल्या सीटवर.

ऑफिसात एक लांब टेबल, वर खडखडणारा पंखा, भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टेबलामागे त्या फोनवरच्या बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शाळेतल्या हेडबाईंसारखा. दोन फायली त्यांनी पत्त्यांसारख्या शेजारी शेजारी मांडल्या.

"धाकटे कोण?"

"मी," मामंजी छाती काढून म्हणाले.

"गाडी कशासाठी, या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'कांदा व इतर शेतमाल बाजारात नेणे.' आजोबा, ही माफी घरगुती वापराच्या गाडीला आहे. माल वाहायचा तर योजना वेगळी. तुमचा अर्ज असाही नामंजूर झाला असता."

मामंजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे. फॉर्मवर मी 'कुटुंबासाठी' लिहा म्हणून सांगितलं होतं. मागाहून त्यांना वाटलं असणार, कांद्याचं नाव घातलं की सरकारला शेतकऱ्याची दया येईल. थोरल्यांच्या मिशीखाली हसू फुटलं होतं.

"आता तुमचा," बाईंनी दुसरी फाईल उघडली. "तुम्ही लिहिलंय..."

"ते वाचायची गरज नाही," थोरले घाईने म्हणाले. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"गरज आहे. निकाल मला द्यायचाय." बाईंनी चष्मा वर सरकवला. "'भिंतीपलीकडे नात आहे. तिला दम लागतो. भिंतीतून ऐकू येतं. त्यांच्याकडे वाहन नाही, भाड्याच्या टेम्पोत धूर फार. तरी गाडी दारात असावी. मागितली तर लगेच द्यायची.'"

थोरले खिडकीबाहेर बघत होते. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. मला वाटत होतं यांनी खोडा घालायला अर्ज केला. तेरा दिवस मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं होतं, ते आठवून मलाच खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

मामंजींनी दोन वेळा घसा साफ केला. मग पंख्याला म्हणाले, "काही लोकांच्या मनात एवढं होतं तर सांगायला तोंड नव्हतं?"

"काही लोकांना ऐकायला कान कुठे आहेत?" थोरले खिडकीला म्हणाले.

बाईंनी पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "कुणाशी बोलताय हो दोघं?"

"हवेशी," मी म्हणाले. "आमच्याकडे असंच आहे."

"बरं. मग हवेला सांगा, धाकट्यांनी माघारीची सही करावी. गाडी थोरल्यांच्या नावावर करू. विषय संपला."

"मी माघार घेऊ?" मामंजी ताडकन उठले. "याच्यापुढे?"

"नको असेल तर दोघं मिळून अर्ज करा."

"भागीत?" आता दोघेही एकदम म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

मी डोळ्यांपुढे आणून बघितलं. गाडी थोरल्यांच्या दारात उभी आहे. लेकीच्या बरगड्या आत ओढल्या जातायत. इकडून मामंजी म्हणतायत, त्यांनी आपणहून द्यायला पाहिजे. तिकडून थोरले म्हणतायत, त्यांनी तोंडाने मागायला पाहिजे. दोघांच्याही मनात पोरीची माया आहे, आणि पोरीला घेऊन मी दोरीपाशी उभी आहे. बरं, थोरले गाडी चालवणार कसे, त्यांना बैलगाडीपलीकडे काही हाकता येत नाही. मग आधी ड्रायव्हर शोधा.

"कलम अकरा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच नीट ऐकू आला नाही. "बाई, कलम अकरामध्ये लिहिलंय, अर्जदारांची संमती असेल तर त्याच मीटरवर राहणाऱ्या घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नावावर अर्ज करता येतो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पत्रक वाचलंय?"

"टिपांसकट."

"पहिल्या तुम्ही. मग कुणाच्या नावावर करायचं म्हणता?"

मांडीवरच्या लेकीने माझी बांगडी धरून ओढली. "माझ्या," मी म्हणाले.

मामंजींचं तोंड उघडं ते उघडंच.

"गाडी चालवता येते?" बाईंनी विचारलं.

"परवाना आहे. अठरा वर्षांची झाले तेव्हाच काढला. वडिलांचा गाडी शिकवायचा क्लास होता. शिकायला माणसं जास्त आली की मीच शिकवायची."

"तुला मोटार चालवता येते?" मामंजी किंचाळलेच. "चार वर्षं घरात आहेस, एका शब्दाने बोलली नाहीस?"

"घरात मोटारच नव्हती, मामंजी. आणि कुणी विचारलंही नाही."

थोरल्यांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. मग ते थेट माझ्याकडे वळून म्हणाले, "मी काही कुणाबरोबर भागीत नाही हं. मी माझ्याकडचे पैसे सुनेला देणार. सुनेला काही द्यायचा मला हक्क आहे."

"मग मी काय भागीत आहे?" मामंजी उसळले. "मीही सुनेलाच देणार. बाकी कोण काय देतो त्याच्याशी माझा संबंध नाही."

"संमतीच्या सह्या," बाईंनी कागद पुढे सरकवला. दोघे जागचे हलेनात. आधी कुणी करायची? बाईंना तेही कळलं. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरं पेन काढलं, दोघांच्या हातात एकेक दिलं आणि म्हणाल्या, "जागा शेजारी शेजारी आहे. मी तीन म्हणते." त्यांनी तीन म्हटलं आणि दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून एकदम सही करायला वाकले. शिक्का मारताना बाई हसत होत्या की पंख्याने केस उडाले म्हणून डोळे मिचकावत होत्या, सांगता येत नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना मंजुरी आली, आणि पुढच्या आठवड्यात गाडी दारात. मीटर थोरल्यांच्या भिंतीवर, म्हणून गाडीची वायर दोरीखालून न्यावी लागली. वायर लावायला येता-जाता वाकावं लागू नये म्हणून थोरल्यांनी दोरी हातभर वर बांधली. सोडली नाही. मोठ्या आईंनी गाडीच्या काचा पुसायचं काम आपण होऊन घेतलं आणि दोन्ही घरांतल्या बाया-बापड्यांना बजावलं, मालकिणीला विचारल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. मामंजींनी एकदा नुसतं विचारून बघितलं, मागच्या बाजूला चार पोती बसतील का गं? मी म्हटलं, करमाफी जाईल, मामंजी. त्यानंतर पोत्यांचं नाव नाही.

थंडी पडायला लागली. एका दुपारी हे पंपाच्या कामावर गेलेले, आणि लेकीची शिट्टी बारीक होती ती बघता बघता जाड झाली. मी वाफ दिली, पाठ चोळली, घड्याळ बघितलं. बरगड्या ओढल्या जायला लागल्या तशी मी किल्ली घेतली. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाची वाट बघायची नव्हती.

पोरीला घेऊन गाडीपाशी आले तर इकडून मामंजी, तिकडून थोरले, दोघेही चपला न घालता धावत आलेले. दोघांनी एकाच वेळी पुढच्या दाराला हात घातला.

"मागे बसा," मी म्हणाले. "दोघंही. हिला मध्ये ताठ बसवून धरा, आडवी करू नका."

बसले. मी गाडी काढली. गावाबाहेरच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मागून सुरू झालं.

"काच खाली कर जरा," थोरले म्हणाले. "मोकळी हवा लागू दे तिला."

"वेडा झालायस? बाहेर गार वारं सुटलंय. वर कर ती काच."

"मला शिकवू नकोस. तिला गुदमरतंय."

"तुला काय कळतं लहान पोरातलं? कधी पोर मांडीवर घेतलंस?"

"तुझ्या लेकाला कुणी खेळवलं? तू तर दिवसभर शेतात!"

"खेळवलं ना, म्हणून तर तो असा मोटारींत तोंड घालून बसतो!"

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे हवेशी नाही चाललेलं. सरळ एकमेकांच्या तोंडावर चाललंय, तू-तुझ्या करून, आठ वर्षांचं साचलेलं. इतर वेळी मला हसू आलं असतं, डोळ्यांत पाणीही आलं असतं. पण या गाडीला इंजिनाचा आवाज नाही. चाकांची सळसळ तेवढी. गाडी चालवताना पाठीमागून पोरीचा एकेक श्वास मोजता येतो, आत किती जातो, बाहेर किती येतो, शिट्टी कुठे तुटते. मला तेवढंच हवं होतं, आणि या दोघांनी त्यावर आपला गोंधळ ओतला होता.

"गप्प बसा दोघं!" मी आरशात बघून म्हणाले. "मला तिचा श्वास ऐकू येत नाहीये."

उभ्या जन्मात मी या घरात आवाज चढवला नव्हता. आरशात दोन पांढरी डोकी एकदम खाली झाली. थोरल्यांनी काच अर्धी ठेवली, मामंजींनी आपला गमछा पोरीच्या पाठीमागे उशीसारखा दिला. मग दोघांनी एकेक हात तिच्या खांद्याला लावून धरला आणि तोंडं घट्ट मिटून बसले.

मला ऐकू यायला लागलं. आत, बाहेर. आत, बाहेर. शिट्टी होती, पण जाड व्हायची थांबली होती. सहा मैल गेले होते, सहा राहिले होते. मी पाय थोडा आणखी दाबला.